माल्टातला पवित्र आठवडा आणि वसंत: नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

माल्टाचं मुख्य बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २७ किलोमीटर. नकाशा पाहिला की वाटतं, ईस्टरच्या आठवड्यात सगळंच बघून टाकू. गुरुवारी व्हॅलेटा, शुक्रवारी दुपारी झेब्बूज, संध्याकाळी ओर्मी, रविवारी सकाळी बिर्गू, दुपारी शेजारचं गोझो बेट. असा बेत आखणाऱ्यांचा निम्मा वेळ बसथांब्यावर जातो आणि उरलेला पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघण्यात. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या मूर्तींच्या मिरवणुकांसाठी रस्ते बंद होतात, बस वळवल्या जातात, आणि गावोगावच्या मिरवणुका एकाच दिवशी, साधारण एकाच वेळी निघतात.

शिवाय हा सगळा कारभार गावाचा असतो. प्रत्येक धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या वस्तीच्या) स्वतःच्या मूर्ती, स्वतःचा बँड, मूर्ती वाहणारी ठरलेली माणसं, ठरलेले रस्ते. ज्यांनी एकच गाव धरून गुरुवार ते रविवार काढला, त्यांना आठवड्याची चढण आणि उतार दोन्ही कळतात. म्हणून या लेखातला पहिला आणि खरं तर मुख्य सल्ला: एक गाव धरा. बाकीचं त्याभोवती बसवा.

तारखा आधी लिहून ठेवा

ईस्टर दरवर्षी सरकतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार, हा त्याचा हिशेब. मराठी कॅलेंडर भिंतीवर असेल तर काम सोपं आहे: ही पौर्णिमा साधारणपणे होळीची नाहीतर हनुमान जयंतीची असते. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळी पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे २८ मार्च. २०२८ मध्ये १६ एप्रिल. गुड फ्रायडे अर्थातच त्याच्या दोन दिवस आधी.

आता सुट्ट्या. माल्टात वर्षाला १४ सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्यांतल्या वसंतातल्या अशा: १९ मार्च (संत योसेफ), ३१ मार्च (मुक्ती दिन), गुड फ्रायडे आणि १ मे. २०२६ चा गुढीपाडवाही १९ मार्चचाच, म्हणजे रजा न टाकता गुढी उभारायची सोय. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण इथे पुष्कळजण फसतात: युरोपात बऱ्याच देशांत ईस्टरनंतरचा सोमवार सुट्टीचा असतो, माल्टात तो नसतो. शाळा बंद असतात, ऑफिस चालू. सोमवारी रजा हवी असेल तर फेब्रुवारीतच अर्ज टाका, कारण इथल्या सहकाऱ्यांनाही तीच हवी असते. हॉटेल, इस्पितळ किंवा डिलिव्हरीच्या कामात असाल आणि गुड फ्रायडेला पाळी लागली असेल, तर सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा मोबदला कसा धरतात हे आपल्या करारात आधीच वाचून घ्या.

गाव निवडा

तुम्ही राहता त्या गावातच काही होत असेल तर तेच धरा. शेजारची आजी खिडकीत खुर्ची टाकून बसणार असते. तिच्याशी आधीच बोलणं झालेलं असलं तर तुम्हालाही दारात जागा मिळते. पण नव्याने आलेले बहुतेक जण स्लीमा, ग्झीरा, इम्सीदा या भागात भाड्याने राहतात, आणि भाडेकरूंच्या इमारतींत गावपण फारसं हाताला लागत नाही. त्यांनी बाहेरचं गाव निवडावं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ‘तीन शहरं’ घ्या: बिर्गू, सेंगलेआ आणि कॉस्पिकुआ. स्थानिक लोक शेवटच्या दोघांना इस्ला आणि बोर्मला म्हणतात. तिन्ही एकमेकांना खेटून आहेत, पायी फिरता येतात, आणि ईस्टरच्या रविवारी इथे जे घडतं त्याला बेटावर तोड नाही. सेंट जॉनच्या सरदारांनी (ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाने) १५३० मध्ये माल्टात आल्यावर पहिलं ठाणं बिर्गूतच मांडलं होतं. गल्ल्या अजून त्याच मापाच्या आहेत, त्यामुळे मूर्ती अगदी हाताच्या अंतरावरून जाते. शुक्रवारी मोठा थाट बघायचा असेल तर झेब्बूज, ओर्मी किंवा झेयतून. झेब्बूजच्या मिरवणुकीत रोमन सैनिकांच्या वेशातले घोडेस्वार असतात आणि मुलांना तेच सगळ्यात आवडतं.

इथे एक धोक्याची सूचना. माल्टात आणि गोझोत नावं दुहेरी आहेत. झेब्बूज दोन्हीकडे आहे. इम्जारही दोन्हीकडे: माल्टातलं स्ट्रॉबेरीचं, गोझोतलं बोटीचं. रबातचंही तेच, कारण गोझोची राजधानी व्हिक्टोरिया, तिला तिथले लोक रबात म्हणतात. फोनवरच्या नकाशात नाव टाकताना बेट कोणतं ते बघा.

वेळा कुठे कळतील? गावाच्या चर्चच्या दारावर, धर्मग्रामाच्या फेसबुक पानावर, आणि सगळ्यात खात्रीने बँड क्लबात. प्रत्येक गावात किमान एक बँड क्लब असतो, स्थानिक भाषेत काझीन. बाहेरून खाजगी संस्था वाटते, पण आत कोणीही जाऊन चहा-कॉफी घेऊ शकतो. कॉफी घ्या, भिंतीवरचा कागद वाचा, काउंटरवरच्या माणसाला विचारा. माल्टीज माणूस स्वतःच्या गावाच्या मिरवणुकीबद्दल विचारल्यावर गप्प बसत नाही. शेजारच्या गावापेक्षा आपली कशी सरस हेही तो सांगेल. तेवढं ऐकून घ्यायचं.

उपवासकाळात काय खावं

राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. आजकाल कडक पाळणारे कमी, पण खाद्यपदार्थ टिकून आहेत आणि शाकाहारी मराठी माणसासाठी हा काळ फार सोयीचा आहे.

क्वारेझिमाल नावाचं लांबट बिस्कीट बेकऱ्यांत दिसू लागतं. बदाम, मैदा, साखर, दालचिनी, संत्र्याच्या फुलांचं पाणी. वर मध आणि बदामाचे तुकडे. परंपरेने यात अंडं आणि लोणी घालत नाहीत. अंडं न खाणाऱ्यांना माल्टात गोड पदार्थ शोधणं किती जिकिरीचं असतं हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, तर या चाळीस दिवसांत साठा करून ठेवा. तरीही विचारून घ्या, सगळ्याच बेकऱ्या जुन्या पद्धतीने करत नाहीत. कॅरोबच्या शेंगांच्या पाकाच्या काळपट वड्याही याच दिवसांत मिळतात, उपवासकाळात चालणारी मिठाई म्हणून. खोकल्यावर चांगल्या असं म्हणतात. निदान चवीवरून औषधासारख्या लागत नाहीत.

याच सुमाराला बाजारात कोवळ्या बाकल्याच्या शेंगा येतात आणि घरोघरी कुस्कसू होतं. मोत्यांएवढे पास्त्याचे दाणे, बाकला, टोमॅटो आणि वर गोझोचं छोटं गोल चीज. अंडं फोडून घालायची पद्धत आहे, नको असेल तर आधी सांगा. पास्तीत्सी तर बारमाही: रिकोटाची किंवा वाटाण्याची. शुद्ध शाकाहारी असाल तर आतल्या सारणापेक्षा वरच्या पारीत कोणती चरबी घातली आहे ते विचारा.

दुःखी मातेचा शुक्रवार

गुड फ्रायडेच्या बरोबर सात दिवस आधी येणारा शुक्रवार नवख्यांच्या नजरेतून सुटतो आणि ही खरोखर चुटपुट लागण्यासारखी गोष्ट आहे. या दिवशी दुःखी मातेची, म्हणजे मरियेची, मूर्ती अनेक गावांत निघते. इथे त्याला दुलूरी म्हणतात. २०२६ मध्ये हा दिवस २७ मार्चला, २०२७ मध्ये १९ मार्चला, म्हणजे संत योसेफाच्या सुट्टीवरच.

व्हॅलेटात ही मिरवणूक ‘ता जेझू’ या फ्रान्सिस्कन चर्चमधून संध्याकाळी निघते. मूर्ती एकच. रोमन सैनिक नाहीत, घोडे नाहीत. मूर्तीमागे माणसं चालत असतात, कित्येक जण अनवाणी, ओठ हलत असतात. नवस बोललेले, नवस फेडणारे, घरात कोणी आजारी असलेले. गुड फ्रायडेला प्रेक्षक पुष्कळ असतात. दुलूरीला चालणारेच जास्त. कोणत्याही धर्माच्या माणसाला मागून चालायला हरकत नसते, कोणी काही विचारत नाही.

झावळ्यांचा रविवार आणि प्रदर्शनं

रविवारी सकाळी झावळ्यांबरोबर ऑलिव्हच्या फांद्या आशीर्वादित होतात. लोक त्या घरी नेऊन ठेवतात. काही घरांत वाळलेली पानं जाळून दृष्ट काढायला घरभर धूर फिरवण्याची जुनी चाल आहे.

या आठवड्यात गल्लीबोळांत दारं उघडी दिसतील आणि आत उजेड. ही प्रदर्शनं: कोणी घरच्या हॉलमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे छोटे देखावे मांडलेले असतात, कोणी रंगीत तांदूळ किंवा मीठ वापरून शेवटच्या भोजनाचं टेबल सजवलेलं असतं. प्रवेश फुकट, कोपऱ्यात दानपेटी. बेल वाजवायची गरज नाही, आत जा, मान हलवून नमस्कार करा. वसई-पालघरकडच्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. गोव्यात गोवा वेल्हा गावी उपवासकाळातल्या पाचव्या आठवड्याच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, तीही फ्रान्सिस्कन परंपरेतलीच.

गुरुवार: सात भेटी

आज्ञा गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते. धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. त्यानंतर पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) मुख्य वेदीवरून हलवून बाजूला सजवलेल्या वेदीत ठेवतात. या वेद्या फुलांनी, मेणबत्त्यांनी मढवलेल्या असतात. लोक रात्री उशिरापर्यंत आणि शुक्रवारी सकाळीही त्यांचं दर्शन घेत फिरतात. भेटी सात. सात चर्चेस जवळ नसतील तर एकाच चर्चमध्ये पुन्हा पुन्हा जातात.

वेदीजवळ जमिनीवर थाळ्या ठेवलेल्या दिसतील, त्यांत पांढऱ्याफटक केसांसारखे कोंब. हे वाटाण्याच्या जातीचं बी कापसावर टाकून अंधाऱ्या कपाटात उगवतात, म्हणून हिरवं होत नाही. नाव गुल्बिएना. आपल्या नवरात्रातल्या घटाचे पिवळट अंकुर ज्यांनी लहानपणी रोज उठून बघितलेत, ते या थाळ्यांसमोर जरा जास्त वेळ थांबतात.

सात भेटींसाठी व्हॅलेटा उत्तम, कारण शहर लांबीला साधारण एक किलोमीटर आणि चर्चेस खच्चून भरलेली. नव्या माणसासाठी एक पायी मार्ग देतो. शहराच्या दरवाजातून आत या. रिपब्लिक स्ट्रीटवर संत फ्रान्सिसचं चर्च. तिथून ओल्ड बेकरी स्ट्रीटला संत ऑगस्टिन. मग ओल्ड थिएटर स्ट्रीटवर कार्मेल मातेचं, ज्याचा मोठा घुमट समुद्रापलीकडच्या स्लीमातूनही दिसतो. तिथून शहराच्या उजव्या अंगाला मर्चंट्स स्ट्रीटवर संत डॉमिनिक. खाली सेंट पॉल स्ट्रीटवर संत पॉलच्या जहाजफुटीचं चर्च. इसवी सन ६० मध्ये पॉलचं जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं अशी श्रद्धा आहे, आणि या बेटाच्या ख्रिस्तीपणाची सुरुवात तिथून धरतात. पुढे ता जेझू. शेवट सेंट जॉन्स को-कॅथीड्रलमध्ये. एरवी तिथे तिकीट काढून इटालियन चित्रकार कारावाज्योचं १६०८ सालचं चित्र बघायला रांग लागते. या रात्री चित्रासाठी जाऊ नका, त्यासाठी वर्ष पडलं आहे.

चर्चबाहेर गाड्यांवर मोठ्या कड्याच्या आकाराचा पाव मिळतो, वर तीळ आणि भाजलेले बदाम. प्रेषितांचा पाव म्हणतात. चौथ्या-पाचव्या भेटीनंतर तो घ्यावा, सुरुवातीला घेतला तर हात अडकतो. संत डॉमिनिकच्या प्रार्थनागृहात शेवटच्या भोजनाचं खऱ्या अन्नाने मांडलेलं टेबल बघायला लोक या आठवड्यात जातात. नंतर ते अन्न गरजूंना देतात.

चर्चमध्ये फार रमत नसाल पण रात्र अनुभवायची असेल, तर दुसरा पर्याय सिज्जीवीचा. गावाबाहेरच्या टेकडीवर लाफेर्ला क्रूस आहे. गुरुवारी रात्री हजारो लोक तिथे पायी चढतात: कुटुंबं, शाळेतली पोरं, प्रार्थना म्हणणारे गट. चढ फार कठीण नाही. वारा मात्र झोंबतो, एप्रिलच्या रात्री तापमान १२ अंशांच्या आसपास येतं. जाकीट न्या. परतीची बस मिळेल या भरवशावर राहू नका, चार जण मिळून टॅक्सी ठरवा.

घरी परतण्याआधी दूध, पाव, भाजी घेऊन ठेवा. उद्या बरीच दुकानं बंद असतात किंवा अर्धा दिवसच उघडतात.

शुक्रवार

सकाळी जाग येईल ती शांततेने. घंटा वाजत नाहीत. गुरुवारच्या मिस्सेनंतर त्या बंद होतात. त्यांच्या जागी लाकडी खटखटं वाजतं, चुलाय्ता. काही चर्चेसच्या गच्चीवर पेटीएवढं मोठं असतं आणि त्याचा आवाज गावभर जातो. या दिवशी मिस्सा नाही. दुपारी तीनच्या सुमाराला चर्चमध्ये विधी होतो, क्रुसाचं चुंबन घेतात. त्यानंतर साधारण पाचपासून मिरवणुका.

मूर्ती बहुतेक ठिकाणी आठ, आणि त्यांचा क्रम ठरलेला, म्हणून तो माहीत असला तर मिरवणूक वाचता येते. आधी बागेत प्रार्थना करणारा ख्रिस्त. मग खांबाला बांधलेला. मग काट्यांचा मुकुट घातलेला. मग क्रूस खांद्यावर घेऊन पडलेला. याला रेदेन्तूर म्हणतात आणि सेंगलेआतल्या याच्या मूर्तीवर साऱ्या बेटाची भक्ती आहे. मग रुमाल धरलेली वेरोनिका. मग क्रुसावरचा ख्रिस्त, सगळ्यात मोठी मूर्ती. मग शवपेटीतला मृत ख्रिस्त. शेवटी एकटी माता. मूर्तींच्या मधे जुन्या करारातली पात्रं, पुरोहित, रोमन शिपाई, छोट्या मुली हातात खिळे-हातोडी-शिडी ठेवलेली उशी घेऊन. बँड फक्त शोकगीतं वाजवतो.

मूर्ती लाकडाच्या किंवा कागदी लगद्याच्या, तरीही आठ-दहा जणांच्या खांद्यांना पुरून उरतात. वाहणारे ठरावीक अंतरावर थांबतात, मूर्ती लाकडी टेकूंवर ठेवतात आणि श्वास घेतात. त्यांची चाल बघा: डावीकडे झोका, उजवीकडे झोका, बँडच्या ठेक्यावर. गल्लीच्या वळणावर उभे राहिलात तर मूर्ती वळवताना होणारी कसरत दिसते, कुजबुजत दिलेले हुकूम ऐकू येतात. मुख्य चौकापेक्षा वळण नेहमी चांगलं. मांडलेल्या खुर्च्या घरच्या लोकांच्या असतात, रिकामी दिसली म्हणून बसू नये.

मग पांढरे झगे आणि तोंडावर बुरखे घातलेले लोक येतात, पायांत लोखंडी साखळ्या ओढत किंवा खांद्यावर क्रूस घेऊन. पहिल्यांदा दचकायला होतं. हे नवस फेडणारे. तोंड झाकलेलं असतं कारण प्रायश्चित्ताची जाहिरात करायची नसते. यांचे फोटो काढताना बुरख्याच्या फटीत कॅमेरा घालणारे पर्यटक दरवर्षी दिसतात. तुम्ही तसं करू नका.

इतर शिस्त थोडक्यात. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे. मिरवणूक ओलांडून रस्ता पार करायचा नाही, दोन मूर्तींच्या मधल्या मोकळ्या जागेतूनही नाही. फ्लॅश बंद. ‘हॅपी गुड फ्रायडे’ कोणालाही म्हणू नका, व्हॉट्सअॅपवरही. लहान मूल असेल तर पूर्ण मिरवणूक बघण्याचा हट्ट नको, ती तीन-चार तास चालते. आणि सकाळपासून आभाळ बघत राहा: पाऊस आला तर मूर्ती खराब होऊ नयेत म्हणून मिरवणूक सरळ रद्द होते. वर्षभर तयारी केलेल्या गावाचे त्या संध्याकाळचे चेहरे बघवत नाहीत. त्या वेळी ‘पुढच्या वर्षी’ असं काही बोलू नये.

शनिवार

दिवसभर काही नाही. झोप काढा. रात्रीची मिस्सा अंधारात सुरू होते, बाहेर अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, आणि ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला सगळे दिवे आणि दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम.

रविवार: धावणारा ख्रिस्त

आता तीन शहरं निवडल्याचं चीज होतं. सकाळी लवकर निघा. व्हॅलेटातून जायचं तर अप्पर बराक्का बागेजवळच्या लिफ्टने खाली बंदरापाशी उतरा आणि समोरची फेरीबोट घ्या; पाण्यातून तटबंदी बघत पलीकडे पोचता. त्या दिवशीची पहिली बोट किती वाजता ते आदल्या दिवशी तपासून घ्या. बसचं वैयक्तिक ताल्लिन्या कार्ड अजून काढलं नसेल तर काढाच. ऑक्टोबर २०२२ पासून ते असलेल्या रहिवाशांना बस फुकट आहे.

पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती, स्थानिक नाव लिर्शोश्त, एक हात वर आणि दुसऱ्यात झेंडा. बँड आता नाचरा. बाल्कनीतून कागदाच्या चिटोऱ्यांचा पाऊस. सकाळभर मूर्ती गावात फिरते, आणि एका ठरलेल्या चढावर वाहणारे तिला खांद्यावर घेऊन धावत सुटतात. शुक्रवारी जी माणसं पावलागणिक थांबत होती, त्यांतलीच काही आज चढावर पळतात. बघणारे टाळ्या आणि आरोळ्यांनी गल्ली डोक्यावर घेतात. बिर्गू, सेंगलेआ, कॉस्पिकुआ तिन्हीकडे हे होतं. धाव नेमकी कुठे ते काझीनमध्ये विचारून ठेवा आणि तासभर आधी जागा धरा. चढाच्या मध्यावर, भिंतीला पाठ लावून उभे राहा. रस्त्यात पाऊल टाकू नका, धावणाऱ्या माणसांना थांबता येत नाही.

मुलांच्या हातात फिगोल्ला असतो: पिठाच्या दोन पाऱ्यांमध्ये बदामाचं सारण, वर रंगीत साखरेचा लेप आणि अर्धं चॉकलेटचं अंडं. आकार मासा, कोकरू, फुलपाखरू, हृदय, आणि आताशा फुटबॉल नाहीतर मोटारही. मूर्ती जवळून जाताना मुलं तो आशीर्वादासाठी पुढे धरतात. यात अंडं आणि लोणी असतं. ऑफिसमधल्या किंवा शेजारच्या लहान मुलांना फिगोल्ला द्यायची पद्धत आहे, तुम्हीही एखादा घेऊन जा. चांगल्या बेकरीत आठवडाभर आधी सांगावं लागतं. घरमालकीणबाईंनी तुम्हाला दिला आणि तुम्ही अंडं खात नसाल तर नाही म्हणू नका. घ्या, आभार माना, मित्राला द्या. शुभेच्छा ‘लैत इत-तय्येब’ अशा म्हणतात. उच्चार चुकला तरी चालतो, लोक खूश होतात.

दुपार घरच्या जेवणाची, ताटात बहुधा कोकराचं मटण. आमंत्रण आलं तर शाकाहार आधीच कळवा.

गोझोला जायचं असेल तर

गोझोला आठवड्यातला एखादा वेगळा दिवस द्या. व्हिक्टोरियात दोन मोठी चर्चेस, त्यांचे दोन बँड, आणि दोघांत जुनी चढाओढ. ता पिनूच्या चर्चसमोरच्या टेकडीवर क्रुसाच्या वाटेचे माणसाएवढे संगमरवरी पुतळे आहेत. सकाळी लवकर चढावं. चिरकेव्वाहून बोट साधारण २५ मिनिटांत पोचवते आणि तिकीट परतताना घेतात, त्यामुळे जाताना खिडकी शोधत बसू नका. व्हॅलेटाहून थेट वेगवान बोटही आहे. गाडी मात्र माल्टातच ठेवा, ईस्टरच्या रविवारी संध्याकाळी परतीच्या मोटारींची रांग असह्य होते.

बाकीचा वसंत

३१ मार्चला ग्रँड हार्बरमध्ये होड्यांच्या शर्यती. १९७९ मध्ये याच दिवशी ब्रिटिश सैन्य माल्टातून गेलं. बंदराकाठच्या गावांचे संघ आपापल्या रंगात वल्हवतात आणि ईर्ष्या मिरवणुकांपेक्षा तसूभरही कमी नसते. बघायला सेंगलेआचं टोक किंवा बिर्गूचा धक्का. एप्रिलमध्ये माल्टातल्या इम्जारला स्ट्रॉबेरीचा उत्सव. दुपारी पोचाल तर गाडी लावायला जागा नाही, म्हणून सकाळी जा. इम्दिनात मध्ययुगीन वेशभूषेचा महोत्सवही वसंतातच असतो. मला तो जरा नाटकी वाटतो, मुलांना आवडतो. एप्रिलअखेरीस बंदरावर फटाक्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, १ मे २००४ ला माल्टा युरोपीय संघात गेल्याच्या आठवणीने. फ्लोरियानात संत पुब्लियसचा सण ईस्टरनंतरच्या आठवड्यांत येतो आणि तिथून गावोगावच्या उन्हाळी सणांची रांग लागते.

एप्रिल हा चालण्याचाही महिना. दिवसा २० अंशांच्या आसपास हवा, शेतांत सुल्लाची लाल फुलं, दिंगलीच्या कड्यावर पिवळी शेवंतीसारखी रानफुलं. उन्हाळ्यात हे सगळं जळून तांबूस होतं. पण पहाटे बंदुकीचे आवाज आले तर घाबरू नका: वसंतातल्या पक्ष्यांच्या शिकारीचा हा हंगाम असतो. ती बंद करावी का यावर २०१५ मध्ये जनमत घेतलं, आणि अगदी निसटत्या फरकाने ती चालू राहिली. सकाळी फिरायला जाल तर मळलेली वाट सोडू नका, दगडी भिंती ओलांडू नका, आणि भिंतीवर ‘आरटीओ’ ही अक्षरं रंगवलेली दिसली तर ती जमीन खाजगी आहे असं समजा. दुपारनंतर चालायला गेलात तर बंदुका बहुतेक थंड झालेल्या असतात.